ऑक्टोपस राक्षस नव्हे

महोदय,

समुद्र आमच्या नाशिकपासून दूर. म्हणून की काय, इथल्या मुलांना ऑक्टोपस ठाऊक असतो तो चित्रातला, जहाज बुडवणारा राक्षस म्हणून. याचं मला फार वाईट वाटतं. गोदाकाठी सापडणारा शिंपला आणि ऑक्टोपस एकाच मृदुकाय संघातले, हे सांगितलं की मुलं थक्क होतात. त्याला 3 हृदयं असतात, रक्त निळसर असतं, आणि निम्म्याहून अधिक चेतापेशी 8 बाहूंमध्ये विखुरलेल्या असतात. अंगात हाडच नसल्याने तो चिंचोळ्या फटीतही शिरतो. खेकडे, शिंपले हे त्याचं खाणं; चोच पोपटासारखी. कवच फुटलं नाही तर त्याला भोक पाडून आत विष सोडतो. शत्रू दिसला की रंग बदलायचा, नाहीतर शाई सोडून पळायचं.

पण मला सर्वाधिक हलवते ती मादी. बहुतेक जातींत ती अंडी घातल्यावर अन्न सोडते, अंड्यांवर सतत पाणी फुंकत राहते आणि पिल्लं बाहेर येण्याच्या सुमारास मरते. आपल्या बालपुरवणीत तिच्यावर सविस्तर लिहावं, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, पंचवटी, नाशिक