तुझा ॲम्प्लिफायर परत पाठवतोय

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

भाचा मंगळवारी पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर तुझा ॲम्प्लिफायर पाठवतोय. खोका तुझाच आहे, थर्माकोल एका कोपऱ्याला मोडलंय, त्यावरून शिव्या देऊ नकोस. महिन्यासाठी दिला होतास, मी अडीच महिने ठेवून घेतला आणि तेवढ्यात एक फोनही केला नाही. कारण सांगतो: मी रागावलो होतो.

दिवाळीत आलास, दहा मिनिटं ऐकलंस आणि म्हणालास, "बुवा गोधडीत तोंड घालून गातायत रे." वहिनींसमोर! माझ्या सेटबद्दल, ज्याचे कपॅसिटर मी स्वतः बदलले, ज्याला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चार पगार घातले. वर "महिनाभर हा ऐक, मग बोल" म्हणून तुझा गाडीतून काढून ठेवून गेलास.

तर ऐकला. आणि पहिल्या संध्याकाळी, खोटं कशाला बोलू, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखं झालं. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. जेवताना मी गप्प होतो, तेव्हा हिने विचारलं, "काय, हरलात का?"

पण आपण दोघं इंजिनिअर. दोन दिवसांनी मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सूर सोडला आणि स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला. दोन्हींचा आवाज मी कानाने सारखा केला होता. तुझा ३.२ व्होल्ट, माझा २.८. म्हणजे तुझा एक डेसिबलहून जरा जास्तच मोठा. एवढा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळतच नाही, तो 'स्वच्छ' म्हणून कळतो, 'मोकळा' म्हणून कळतो. दुकानदार उगाच नाही महागाच्या सेटचं बटण केसभर पुढे सरकवत.

मग व्होल्ट जुळवले. माझ्या सेटची सगळी बटणं सरळ केली, दोरीवर चादर टाकली आणि तिच्यामागे मुलीला वायरी बदलायला बसवलं. सोळा वेळा. प्रत्येक वेळी मी छातीठोकपणे सांगायचो, "हा सुहासकाकांचा." सोळापैकी नऊ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी आठ आले असते. मुलगी चादरीमागून हसत होती ते मला शेवटी कळलं.

इथपर्यंत मी जिंकलो असं वाटत असेल ना? थांब. बटणं सरळ करताना दिसलं की लाउडनेसचं बटण दाबलेलं होतं. ते माझ्याकडे कायम दाबलेलंच असतं, कारण मी ऐकतो रात्री दहानंतर, घर झोपल्यावर, अगदी हळू. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच त्याचे आलेख मांडून ठेवलेत. ते बटण तेवढा खर्ज भरून काढतं. तू ऐकलंस भर दुपारी, मोठ्याने, आणि बटण तसंच. शिवाय तू बसला होतास दिवाणावर, पाठ भिंतीला टेकून. आमची खोली दहा बाय बारा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीचा ११२, हे सूर घुमत राहतात आणि भिंतीलगत सगळ्यात जास्त साचतात. मी स्वतः तिथे बसून पाहिलं. डग्गा नुसता घुमतोय, बुवा त्याच्या मागे कुठेतरी. म्हणजे गोधडी होती, गड्या. तू खोटं बोलला नव्हतास. ती मी रात्रीसाठी घेतलेली होती, तुझ्यावर दुपारी पडली.

हे कळल्यावर राग गेला. आणि तरीही सगळं जागच्या जागी लावून मी पुन्हा माझाच सेट जोडला, बटण दाबूनच.

का ते विचारशील. आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ तुला आठवतो? सुरू केल्यावर अर्धा मिनिट गप्प, मग स्टेशन लागल्याची खूण दाखवणारा हिरवा डोळा हळूहळू मिटत यायचा आणि आतून गाणं यायचं. मीडियम वेव्हवर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचायचंच नाही. माझ्या कानाने 'गाणं असं असतं' हे तिथे शिकून घेतलं. त्याला आता कुठली शाळा बदलायला लावणार? तसाही अठ्ठावन्नाव्या वर्षी माझा कान अकरा हजारांच्या वर बंद आहे. त्याच मोबाइलवर तपासलं. मी म्हणालो, "संपलं." मुलगी कानावर हात ठेवून ओरडली, "बाबा, बंद करा ते!" आणि ह्या कानांनी आपण दोघं ९६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे कानाच्या आवाक्याबाहेरचे सूरही साठवणाऱ्या, फाइलींवरून रात्री एकपर्यंत भांडलोय.

आणखी एक सांगायचंय. गेल्या महिन्यात हिचा तानपुरा मिरजेला जवारीला, म्हणजे तारांची झणझण जुळवून घ्यायला, नेला. कारागिरांनी आधी घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, घासली, मग तारेखाली दोरा सरकवायला घेतला. दोरा नसताना तार नुसती टण्ण वाजून मरत होती. तो नखाने केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार एकदम बोलायला लागली, सगळ्या दुकानभर. आता हे काय आहे? तार घोडीच्या पाठीवर घासून झणझणते, त्यातून वरचे स्वर फुटतात. तुझ्या मीटरला विचारलं तर तो म्हणेल, डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सुरातला बिघाड. आणि आपलं सगळं गाणं त्या झणझणाटावर पाय ठेवून उभं आहे! मी त्यांना विचारलं, बरोबर जागा कशी ओळखता? त्यांनी उलट मलाच विचारलं, "खुली पाहिजे का बंद? कुणाच्या गळ्यासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. हिने दिलं.

परतताना गाडीत अब्दुल करीम खाँसाहेब लावले. १९३० च्या दशकातली तीन-तीन मिनिटांची ध्वनिमुद्रणं, खाली खर्ज नाही, वर काही नाही, सतत खरखर. घर येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

ॲम्प्लिफायर चांगला आहे तुझा. विकू नकोस. होळीला या दोघं, पुरणपोळीचं हिने कबूल केलंय. दुपारी ऐकायचं असेल तर मी बटण आधीच काढून ठेवीन. तू मात्र दिवाणावर बसू नकोस, खुर्चीत बस.

तुझा,
अविनाश