हातमोजे शेवटी येतात, संपादक महोदय!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला, स्वच्छतादूतांच्या सुरक्षेसाठी नवे हातमोजे हा उपाय सांगणारा अग्रलेख वाचला. शेजारी छापलेला, कोरे हातमोजे घालून हात उंचावणाऱ्या बायकांचा फोटोही पाहिला. आपली कळकळ पोचली. लिहिणाऱ्याने कचऱ्यात कधी हात घातलेला नाही, हेही पोचलं.

मी नऊ वर्षं पट्टेवाली होते. शिपाई नव्हे, सुका कचरा निवडायला पुढ्यातून सरकत जातो ना, त्या पट्ट्यावरची. (स्वच्छतादूत वगैरे आम्हाला कुणी म्हटलं नाही. हाक यायची ती ‘ए, चार नंबर’.)

हातमोजे आम्हालाही होते. चांगले जाड. काचेला ते पुरून उरले, सुईला नाही. चिरण्यापासून हात राखणं वेगळं आणि इंजेक्शनची बारीक सुई अडवणं वेगळं, दोन्हींच्या चाचण्याही वेगळ्या, हे मला सुई तर्जनीत घुसल्यावर कळलं. कुणीतरी वापरलेल्या सुया पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून झाकण लावून टाकल्या होत्या. त्या माणसाने आपल्या परीने काळजीच घेतली होती, मला त्याचा राग नाही. पण पातळ प्लॅस्टिक ते, गाडीत दाबलं गेलं आणि सुया बाहेर आल्या.

लाल बटण दाबून पट्टा थांबवा, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पट्टा थांबला की बाहेर गाड्या खोळंबतात, दिवसाचं वजन भरत नाही आणि ज्याने थांबवला त्यालाच बोल लागतो. म्हणून मी बटण दाबलं नाही. हात झटकला, सुई पट्ट्यावर पडली आणि गेली पुढे. दवाखान्यात विचारलं, सुई पोकळ होती का, तिला रक्त दिसत होतं का? मी काय सांगणार? एव्हाना ती गठ्ठ्यात बांधली गेली असेल.

पुढचा प्रश्न, ‘ब’ काविळीची लस घेतली आहे का? सहा महिन्यांत तीन डोस, एवढंच असतं ते. कामावर घेताना कुणी विचारलंही नव्हतं. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान ७ दिवस तग धरतो. म्हणजे कचरा घरातून निघून आमच्या बोटांपर्यंत येईतो तो सहज जिवंत. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. त्या २८ दिवस घेतल्या आणि मळमळ सोसत कामावरही गेले. रक्ततपासण्या पुढे सहा महिने चालल्या. निघालं काही नाही. पण त्या सहा महिन्यांत धाकटीची नखं कापायलासुद्धा मी धजले नाही.

आणि रजिस्टरमधली नोंद? ‘कारण : कामगाराचा हलगर्जीपणा. उपाय : नवीन हातमोजे दिले.’ काल तोच उपाय आपल्या अग्रलेखात वाचला आणि बोट पुन्हा ठणकलं.

सुरक्षेचं शास्त्र शिकलेली माणसं एक उतरंड सांगतात. आधी धोका येऊच द्यायचा नाही, मग यंत्रात सुधारणा, मग कामाच्या पद्धतीत, आणि सगळं करून जे उरेल त्यासाठी हातमोजे नि मास्क. आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात केलीत आणि तिथेच हारतुरे वाटलेत! सुयांना टणक, झाकणाचा वेगळा डबा आणि तो परत घेणारी जागा हवी. पट्टा हळू हवा, त्यावर माल पसरून यायला हवा, ढीग नको. थांबवणाऱ्याला बोल लावणं बंद व्हायला हवं. गठ्ठे बांधायच्या यंत्रात माल अडकला की आमच्यातला एखादा सरळ आत उतरायचा. वीज तोडायची, स्विचला कुलूप घालायचं आणि किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात ठेवायची, एवढं साधं काम. ते कुणी करत नसे. तिथे हातमोजा काय कामाचा?

पत्र लिहितेच आहे तर आणखी एक. रविवारच्या अंकाला चिकटवून येणारी शाम्पूची पुडी कृपया बंद करा. गाडीत ती फुटते, आपल्या अंकासकट आजूबाजूचा चांगला कागद चिकट होऊन वाया जातो. त्याच पानावर ‘कागद वाचवा’ असतं म्हणून सांगितलं.

आणि तो फोटो एकदा निरखून पाहा. डावीकडून दुसऱ्या बाईंच्या हातमोज्याची बोटं टोकाला लोंबताहेत. पुरुषांच्या मापाचे आहेत ते. ते घालून पातळ कागद उचलता येत नाही. तासाभरात त्या बाई ते काढून कमरेला खोचतील. आम्हीही तेच करायचो.

आपली,
एक माजी पट्टेवाली