थंडीआधी कुंपण पाहून घे

बडोदे
तुळशीचे लग्न

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कोलोरॅडोच्या प्राणी-आश्रमात आलेल्या नव्या लांडगा-कुत्र्याचे (लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचे) फोटो आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा पाहिले. लांब पाय, अरुंद छाती, मोठे पंजे, तिरके पिवळे डोळे. लांडग्याचा वाटा बराच दिसतो. विकणाऱ्याने कागदावर लिहिलेले टक्के मात्र मनावर घेऊ नकोस. लांडगा आणि कुत्रा, दोघांची गुणसूत्रे 78. संकराला पिल्ले होतात, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर एकाच वेतातली भावंडेही वेगवेगळ्या वळणाची निघतात. वाटा किती ते जनुकीय तपासणी सांगेल. रोजच्या कामापुरते त्याचे वागणे पाहिलेस तरी पुरे.

दीड वर्ष घरात चांगला होता आणि मग बिघडला, असे आधीच्या मालकाने लिहून दिले आहे. बिघडला नाही, वयात येऊ लागला. लांडगा साधारण 22 महिन्यांचा झाला की वयात येतो. मादी वर्षातून एकदाच, हिवाळा सरता सरता, माजावर येते आणि नराची संप्रेरकेही थंडीतच चढतात. त्यामुळे उन्हाळ्यात हातून मांस घेणारा प्राणी डिसेंबर-जानेवारीत त्याच माणसावर धावून येऊ शकतो. खच्ची केल्याने हे कमी होते, पण सगळ्यांच्यात पुरते जात नाही. ज्याचा स्वभाव असा पालटतो, त्याच्या आवारात फेब्रुवारी संपेपर्यंत शिरूच नये. त्याला शेजारच्या लहान बंद आवारात, खोड्यात, घ्यायचे, मधले दार बंद करायचे, मगच साफसफाई. खोड्यात यायची सवय आत्ताच, मांसाच्या तुकड्यावर, लाव. गरज पडल्यावर शिकवायला गेलीस तर तो येणार नाही.

कुंपणाचे जास्त सांगतो, कारण आश्रमात सगळे त्यावरच उभे असते. आठ फूट उंच जाळी, वर आतल्या बाजूला झुकलेला 45 अंशांचा पट्टा, आणि पायाशी आतून तीन-चार फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून उभ्या जाळीला घट्ट बांधलेली. तो जाळीच्या बुडाशीच उकरतो. आडवी जाळी लागली की मागे सरून उकरायचे त्याला सहसा सुचत नाही. म्हणून सांधा पाहा. बांधणीची तार गंजली की तिथेच फट पडते. कोपऱ्यांत दोन बाजूंचा आधार मिळतो, म्हणून चढणारे कोपराच धरतात. आणि बर्फ! वाऱ्याने कुंपणाला तीन फूट बर्फ लागले की आठ फुटांची जाळी पाच फुटांची होते. वादळानंतर आधी फावडे, मग खाणे. जाळीजवळच्या फांद्या आत्ताच छाटून टाका. आत जायला दोन दारे असतात, पहिले लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. कडी तो नाकाने उचलतो, म्हणून तिला अडकवणीही हवी.

खाण्यात चूक होते ती प्रेमापोटी. मोठ्या प्राण्याला रोज सरासरी एक ते दोन किलो कच्चे मांस पुरते, थंडीत जरा जास्त. पण नुसते लाल मांस घातले तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. वाढत्या पिल्लांची हाडे त्याने मऊ पडून वाकतात. हाडासकट कच्चे मांस द्या, थोडे काळीज द्या. शिजवलेले हाड कधीच नाही, त्याची टोकदार कपची आतड्यात रुतते. दान आलेले जनावर कसे मेले, हे विचारल्याशिवाय ते आत जाऊ देऊ नकोस. पेंटोबार्बिटल टोचून मारलेल्या गाई-घोड्याचे मांस खाणाऱ्यालाही मारते, आणि शिकारीच्या हरणात गोळीचे शिसे राहते. जखमेभोवतीचा भाग मोठा कापून फेकायचा. जोडीने राहणाऱ्यांना खाताना वेगळे कर.

रेबीजबद्दल नीट ऐक. कुत्र्याची लस यांना टोचतात, पण तिकडे लांडगा-कुत्र्यासाठी परवाना मिळालेली लसच नाही. याने कोणाला चावले तर लस असूनही तपासणीसाठी त्याचा जीव घेतला जाण्याची शक्यता असते. म्हणजे पाहुण्याला जाळीतून बोट घालू न देणे हे त्याला वाचवणे आहे. तुझी स्वतःची प्रतिबंधक लस झाली का?

शेफर्ड जातीच्या कुत्र्याचे रक्त असेल तर काही औषधे मेंदूत शिरू न देणाऱ्या एमडीआर1 जनुकात बिघाड आहे का, याची तपासणी करून घ्या. हृदयातील जंतांसाठी महिन्याला जी आयव्हरमेक्टिनची अल्प मात्रा देतात ती अशा प्राण्यांनाही चालते, खरजेसाठी देतात ती मोठी मात्रा मेंदूवर जाते.

आत जाताना चष्मा, ओढणी, लोंबणारी वेणी नको. लंगडत असशील, ताप असेल, तर जायचेच नाही. एकटीने कधीच नाही. तो भीतीने दूर बसतो याचे वाईट वाटते, असे लिहिलेस. बसू दे. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने जा, पाठमोरी बस, मांस ठेवून निघून ये. त्याला कुत्रा करायला जाऊ नकोस. सोबत हवी असेल तर ती माणसाची नको, नसबंदी केलेली मादी शेजारच्या आवारात ठेवा आणि काही आठवडे जाळीतूनच ओळख होऊ दे.

आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि भटक्या कुत्र्याचा संकर झाल्याचे जनुकांवरून 2023 साली प्रसिद्ध झाले. तिथे अडचण उलटी आहे, मुळात थोड्या उरलेल्या लांडग्यांत कुत्र्याचे रक्त मिसळते. आपल्या गुजरातेतल्या वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानातल्या लांडग्यांचीही आम्हाला त्यामुळे काळजी वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत लांडगा असला, तरी माळावरच्या भटक्या कुत्र्यांना कायदा अडवत नाही.

कुंपणाच्या चारही कोपऱ्यांचे, बुडाच्या सांध्याचे जवळून काढलेले फोटो या रविवारी पाठव. पहिला बर्फ पडायच्या आत.

तुझे,
आई-बाबा