ज्वारीची काढणी रोजगार हमीत घ्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

रब्बी ज्वारीचा पेरा दरवर्षी कमी होतोय अशी बातमी तुमच्या पेपरात वाचली, शेतकरी ऊस आणि मक्याकडं वळला एवढंच त्यात होतं, का वळला ते नव्हतं, म्हणून हे पत्र. मी मंगळवेढ्याकडचा, घरची नऊ एकर काळी जमीन, विहीर आहे पण जानेवारीत ती तळ दाखवते. मालदांडी, म्हणजे रब्बी ज्वारीचा जुना वाण, आमच्याकडं आजोबांपासून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्यांच्या रानात ती पिकते त्यांची काढणीला काय अवस्था होते ते लांबच्या माणसाला माहीत नसतं.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, त्यातला मोठा भाग सप्टेंबरात. म्हणून आम्ही खरिपात रान मोकळं ठेवतो, पाळ्या घालून तण मारतो, उत्तरा आणि हत्तीचा पाऊस रानात जिरवतो आणि 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या मधे पेरतो. एकरी चार किलो बी पुरतं. त्यानंतर एक थेंब पडला नाही तरी खोल काळ्या रानातली मालदांडी आतल्या ओलीवर कणीस भरते, मी हे डोळ्यांनी बघितलंय. पण त्यासाठी कोळपण्या, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवणं, वेळेवर पाहिजेत, पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाचव्या आठवड्याला पासेच्या कोळप्यानं आणि तिसरी आठव्याला दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं आमचे वडील म्हणायचे आणि ते शंभर टक्के खरं आहे. हलक्या रानाला मालदांडी झेपत नाही, तिथं राहुरी विद्यापीठाची फुले अनुराधा चालते, मध्यम रानाला फुले सुचित्रा. म्हणजे वाण आहेत, पद्धत आहे, पाणी नसलं तरी पीक येतं. अडतंय ते काढणीला.

ज्वारी कापत नाहीत साहेब, उपटतात. फेब्रुवारीत रान वाळून दगड झालेलं असतं, त्यातनं माणूसभर उंचीचं एकेक ताट मुळासकट ओढायचं, पानांनी हात चिरतात, अंगाला खाज सुटते, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. मग पेंढ्या बांधायच्या, त्या रचून बुचाड लावायचं, बायकांनी कणसं खुडायची, नंतर मळणी. हे काम करायला माणूसच मिळत नाही, कारण त्याच दिवसांत हरभरा काढायला येतो, गव्हाची गडबड असते आणि निम्मी माणसं ऊसतोडीला बाहेर गेलेली असतात. मजुरांची टोळी मिळाली तर उक्तं, म्हणजे सगळं काम ठोक पैशात, घेते आणि सांगेल तो रेट द्यावा लागतो. हार्वेस्टर का लावत नाही असं पुण्यात राहणारा माझा भाचा विचारतो, हार्वेस्टर लावला की दाणे मिळतात पण कडब्याचा, म्हणजे वाळलेल्या ताटांच्या वैरणीचा, भुगा होतो, आणि आमच्या घरच्या दोन म्हशी आणि बैलजोडी पावसाळ्यापर्यंत त्या कडब्यावरच असतात. ज्वारी परवडत नाही असं सांगणारे फक्त दाण्याचा हिशोब करतात. ज्याच्या दारात कडब्याची गंज आहे त्याला दुष्काळात जनावरं छावणीवर न्यावी लागत नाहीत किंवा बाजारात मातीमोल विकावी लागत नाहीत.

मागच्या साली टोळी बारा दिवस उशिरा आली, तेवढ्यात मार्चमधे अवकाळी झाला, दाणा काळा पडला आणि कडबा कुजला. मालदांडीचा हमीभाव 2024-25 ला क्विंटलला 3421 रुपये होता, 2025-26 ला 3749 केला, चांगली गोष्ट आहे, पण काळा पडलेला माल खरेदी केंद्रावरनं परत पाठवतात, माझा पण पाठवला, मग व्यापारी देईल त्या भावात घालावा लागला. भाव वाढवून उपयोग कधी, जेव्हा पीक वेळेत घरात येईल तेव्हा.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोरडवाहू ज्वारीची काढणी रोजगार हमीत घ्या. ही योजना आपल्याच राज्यातली, विधान परिषदेचे त्या वेळचे सभापती वि. स. पागे साहेबांनी मांडलेली, 1972 च्या दुष्काळात तिनं लाखो माणसं जगवली, 1977 ला तिचा कायदा झाला आणि पुढं 2005 ला देशानं तसाच कायदा केला. माझ्या आईनं 72 ला खडी फोडली आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली, तिला ती भाकरी अजून आठवते, थापताना तुटायची म्हणते. त्या वेळी धान्यच नव्हतं म्हणून माणसांनी दगड फोडले. आज रानात धान्य उभं आहे आणि ते काढायला माणूस नाही, मग त्याच योजनेतनं पाच एकराच्या आतल्या कोरडवाहू शेतकऱ्याला काढणीचे दहा-बारा दिवस दिले तर काय बिघडतं? अर्धी मजुरी आम्ही देऊ, अर्धी योजनेतनं द्या. मला स्वतःला यात बसता येणार नाही कारण माझी नऊ एकर आहे, पण माझ्या बांधाला लागून दोन-तीन एकरवाले सात जण आहेत, त्यातल्या चौघांनी गेल्या तीन वर्षांत ज्वारी सोडली. आणि गावातच रोज मिळाला तर काही माणसं ऊसतोडीला जायची थांबतील, त्यांच्या पोरांची शाळा सुटणार नाही, हे मी मनानं सांगत नाही, दोन घरातल्या बायकांनी मला स्वतः सांगितलंय.

दुसरं, कडबा न मोडता ज्वारी काढणारं लहान मशीन, बैलजोडीच्या किंवा छोट्या ट्रॅक्टरच्या मागं चालेल असं, त्याच्यावर जोर लावायला पाहिजे. सोलापुरातच रब्बी ज्वारीचं केंद्र सरकारचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांनी वाण चांगले दिले, आता मजुराचं दुखणं पण तेवढ्याच मनावर घ्यावं ही हात जोडून विनंती.

मंगळवेढ्यात दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडून लोकांना धान्य दिलं, ती कोठारं भरली होती म्हणून देता आलं. आमच्या जुन्या वाड्यात अजून पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, आहे, वडील त्यात ज्वारी साठवायचे, आता ते रिकामं आहे आणि वर फरशी टाकलीय.

पेरणीचा निर्णय आम्ही पोळ्याच्या सुमाराला घेतो. तोपर्यंत काढणीचं काही कळलं तर माझ्या शेजारचे ते चौघं परत तिफण धरायला तयार आहेत, मी विचारूनच हे लिहितोय.

आपला,
एक ज्वारी उत्पादक शेतकरी, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर