फवारा खाली ठेव, आधी पान उलटून बघ

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. डाळिंब, लिंबू, सीताफळ, तिन्ही झुडपांना कीड, आणि प्रश्न एकच: ‘कुठलं औषध मारू?’ कुठलंच नको. निदान आज तरी नको.

सीताफळावरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काजळी धरते, म्हणून तुझी पानं काळवंडली. पण खोडावरून वर-खाली करणारे मुंगळे पाहिलेस का? त्या गोडव्यासाठी ते ढेकणांची राखण करतात, त्यांना खायला आलेल्या किड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंगळ्यांची वाट बंद कर. खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टा लाव, आणि भिंतीला किंवा जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाट. एक फांदी जरी टेकलेली राहिली तरी पट्टा लावून उपयोग नाही.

मग भिंग घेऊन तो कापूस नीट न्याहाळ. त्यात एखादा जीव इतरांपेक्षा मोठा दिसेल, अंगावरच्या मेणाच्या झिपऱ्या लांब, आणि चालीला चपळ. तो ढेकूण नव्हे, ढेकूण खाणाऱ्या भुंग्याची अळी आहे! क्रिप्टोलिमस त्याचं नाव, मूळचा ऑस्ट्रेलियातला, आणि याच कामासाठी देशोदेशी नेऊन सोडलेला. मोठा झाला की काळपट पाठ, नारिंगी डोकं. जालीम औषध मारलंस तर आधी हाच मरायचा, आणि मेणाखाली दडलेले ढेकूण बरेचसे वाचायचे. मला राग येतो तो याच गोष्टीचा: आपण रखवालदाराला मारतो आणि चोर वाढले म्हणून पुन्हा औषध आणतो.

ही अळी दिसली नाही, तर फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडव. उरलेल्यांवर सौम्य साबणाचं पातळ पाणी मार, पानांच्या खालून, संध्याकाळी. कपड्यांची पावडर वापरू नकोस, पानं करपतात.

लिंबावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसतंय म्हणतोस, ती फुलपाखराची अळी. पुढे ती हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. तुझं झाड लहान आहे, तेव्हा हाताने वेचून काढ. मोठं असतं तर चार अळ्या खुशाल जेवू दिल्या असत्या. कोवळ्या पानांवरच्या नागमोडी रेघा नागअळीच्या. त्यांच्याकडे फारसं लक्ष देऊ नकोस.

डाळिंबाचं मात्र मनावर घे. तिथलं फुलपाखरू फुलांवर आणि कोवळ्या फळांवर अंडी घालतं. अळी एकदा आत शिरली की बाहेरून मारलेलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. भोक पडलेली फळं तोडून नष्ट कर, कंपोस्टात टाकू नकोस. पुढच्या बहराला फळ धरलं, फूल सुकलं, की लगेच पातळ कापडाची पिशवी बांध. फुलावर बांधू नकोस, मधमाश्या अडतील.

एवढं करूनही फवारायचंच असेल, तर निंबोळीचा ५ टक्के अर्क घे: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून. लहान अळ्यांवर तो चालतो, थोराड अळ्यांवर फारसा नाही. उन्हात त्याचा जोर जातो, म्हणून तोही संध्याकाळीच मार.

मुंगळ्यांचं काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या