बापूंची उधारी

ठाणे, रविवार

प्रिय दिन्या,

सात महिने पत्र नाही, काय शिव्या घालायच्या त्या घाल. तब्येत ठीक. साखर गोळीवर, गुडघा त्याच्या मर्जीवर.

सांगलीचे खानावळवाले बापू गेले रे. महिना झाला. मला काल कळलं, तेही भलत्याच कामाच्या फोनवर. झोप येईना म्हणून तुझी प्रीमो लेवीची, त्या इटालियन रसायनतज्ज्ञ लेखकाची, पुस्तकं काढली. (ढापलेली नाहीत. तूच स्टँडवर विसरलास. हा वाद मिटला असं मी धरून चाललोय.)

लेवी आपल्याला जवळचा, कारण तो रंगवाला. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून १९४५च्या ऑक्टोबरात तुरिनला परतला, हातावर १७४५१७ गोंदलेलं, आणि नोकरी लागली तर पुढ्यात काय, गोळा होऊन बसलेल्या रंगाचा ढीग! आणि तो जवसाच्या तेलातला कांदा? थर्मामीटर नव्हते तेव्हा तेल किती तापलं ते कांद्यावरून बघायचे. थर्मामीटर आले तरी कृतीत कांदा चालूच. तू आपल्या प्लांटवर काय काय टाकायला लावायचास ते मी काढत नाही.

काल मात्र लोरेंझोपाशी अडकलो. इटलीतल्या फोस्सानोचा गवंडी. आउश्वित्झच्याच मोनोविट्झ छावणीत सहा महिने रोज आपल्या वाट्यातलं लेवीला पोचवलं. ठिगळांचा बनियन दिला, त्याच्या वतीने इटलीला कार्ड लिहिलं, उत्तरही आणून दिलं. बदल्यात काही घेतलं नाही.

तुलना करायला लाज वाटते. कुठे ती छावणी, कुठे खानावळ. आपण मरत नव्हतो, नुसते कडके होतो. पण वहीत आपल्या नावापुढे चार महिने थकले, आणि आमटी एक दिवस पातळ झाली नाही.

युद्धानंतर लेवी त्याला भेटायला फोस्सानोला गेला, दिन्या. लोरेंझो दारूत बुडालेला, जगण्यावरून मन उडालेला. त्याला इस्पितळात ठेवलं. तिथे दारू मिळेना, हा पळाला. १९५२ साली गेला. म्हणजे लेवीलाही जमलं नाहीच. पण भेटायला गेला तरी होता ना तो! मुलीच्या नावात लोरेंझा घातलं, मुलाचं रेंझो ठेवलं. आणि मी? दोनदा सांगलीत होतो, स्टँडपासून शंभर पावलांवर. एकदा लग्नाची घाई. एकदा पाऊस. पाऊस, दिन्या!

१९८७ला लेवी जिन्यातून खाली पडून गेला, त्यावर आपण किती भांडलो. तू म्हणायचास उडी, मी म्हणायचो तोल गेला. काल रात्री पहिल्यांदा वाटलं, तुझं खरं असेल. सकाळी परत माझंच खरं.

वहिनींचा मोतीबिंदू झाला का? प्राचीचं ॲडमिशनचं कळलं, छान. तुझ्या गच्चीची गळती थांबली असेलच.

खानावळ आता मुलगा चालवतो म्हणे. वही ठेवली असेल का रे त्याने? मला आकडा आठवतो तो ४१२. तुझ्या हिशेबाने किती? तुझं टायट्रेशन कधी जुळलं नाही, तरी विचारतो.

तुझा,
अण्णा

ता. क. पुस्तकं सांगलीलाच देईन. पोस्टाने पाठवणार नाही.