चित्र काढायला बसलेल्यांना उठवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर चित्रे रंगवत बसलेल्या मंडळींचे छायाचित्र आपण गेल्या सोमवारच्या अंकात ठळक छापलेत, त्याबद्दल मनापासून आभार. त्या मंडळींपैकी मी एक. छायाचित्र पाहून ओळखीच्या अनेकांनी चौकशी केली, कौतुक केले. त्याच निमित्ताने आमची एक अडचण महापालिकेच्या आणि आपल्या वाचकांच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या गटाला ना नोंदणी आहे ना वर्गणी. दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या कलासंस्थांत शिकणारी मुले, निवृत्त चित्रकला शिक्षक, एक डॉक्टर, गुजरीतले सोन्याचे कारागीर, संसाराच्या धावपळीतून आता थोड्या मोकळ्या झालेल्या माझ्यासारख्या बायका आणि आईवडिलांचे बोट धरून येणारी शाळकरी पोरे, असे आम्ही रविवारी सकाळी सातला जमतो. जागा शनिवारी रात्री ठरते. कधी रंकाळा तलावावर संध्यामठाच्या बाजूला, कधी घाटावर, कधी भवानी मंडपात. पावसाळा सरला की पन्हाळा नाहीतर जोतिबा. नऊ-साडेनऊपर्यंत काम आटोपावे लागते, कारण तोवर ऊन चढते, सावल्या सरकतात आणि पहिल्या रेघेच्या वेळी समोर जे होते ते उरतच नाही. उन्हाळ्यात तर कागदावरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पुरता पसरायच्या आत सुकतो.

बाहेर बसून रंगवण्यात नेमके काय मिळते, असे पुष्कळ जण विचारतात. घाटाचेच उदाहरण देते. घाटाचा दगड काळा, म्हणून नवखा माणूस काळा रंग उचलतो आणि चित्र तिथेच मरते. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी एका मुलीला शेजारी बसवून फक्त दगडाकडे बघायला लावले. सकाळच्या तिरप्या उन्हात पायरीची वरची बाजू जवळजवळ पांढरी दिसते, उभी बाजू निळसर, आणि पाण्यालगतच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर हिरवट तपकिरी झाक असते. मग त्यांनी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र करून दाखवला. त्यातून जो काळा येतो, त्याला खोली असते. पायऱ्यांवरचे ऊन दाखवायला कागद तसाच कोरा सोडायचा, कारण पारदर्शक जलरंगात उजेड हा कागदाचाच. तेवढ्यात एका गवळ्याने म्हशी पाण्यात उतरवल्या. आता म्हशी काही आमच्यासाठी थांबणार नाहीत. त्या मुलीने पाठीचा आकार, शिंगांची वळणे दोन-चार फटकाऱ्यांत पकडली, आणि चित्र जिवंत झाले. फोटोवरून चित्र काढताना हे घडत नाही. तिथे म्हैस तुमची वाट बघत उभी असते.

शेवटी सगळी चित्रे पायरीवर ओळीने मांडतो आणि एकेकावर बोलतो. समोरचे देऊळ सर्वांना तेच, पण एकाला दीपमाळ मोठी वाटलेली असते, दुसऱ्याने देवळे बाजूला ठेवून धुणे धुणाऱ्या बायकाच घेतलेल्या असतात. एकमेकांचे कागद बघून जे कळते ते घरी एकट्याने वर्षभर रंग कालवूनही कळत नाही. तालमीत वस्तादांच्या नजरेखाली पोर जसे तयार होते, तशी इथे नजर तयार होते. त्यानंतर बरेच जण गंगावेशीत दूध प्यायला जातात, आणि खरी चर्चा तिथे रंगते.

हे सारे कोल्हापूरला नवे नाही. चित्रकार आबालाल रहमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा यांची चित्रे काढली. 1931 मध्ये ते गेले. त्यांचे काम टाऊन हॉलच्या संग्रहालयात आजही बघायला मिळते. ज्यांनी अजून पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावे. पुढे चंद्रकांत मांडरे यांच्यासारखा सिनेमातला लोकप्रिय नटही निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंगमध्ये (रंगाची भुकटी घासून छटा देण्यात) रमला, आणि राजारामपुरीतल्या त्यांच्या घरातच आज त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. ‘रंगबहार’ या कलासंस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ टाऊन हॉलच्या बागेत होते, तेव्हा गाणे चालू असताना चित्रकार समोर रंगवत असतात आणि बघायला गर्दी होते. ज्या गावात चित्रकार उघड्यावर बसण्याची इतकी जुनी सवय आहे, तिथे आता काय अनुभव येतो ते सांगते.

शहरातल्या एका सार्वजनिक बागेत आम्ही बोर्ड मांडीवर घेऊन बसलो असता पहारेकऱ्याने येऊन परवानगीचे पत्र मागितले. पत्र कोणाकडून आणायचे, हे त्यालाही सांगता येईना. वाद नको म्हणून आम्ही उठलो. त्या दिवशी पहिल्यांदाच आलेली दोन शाळकरी मुले ओले कागद हातात धरून फाटकाबाहेर उभी होती, आणि ती पुन्हा आमच्यात आली नाहीत. मला त्याचे फार वाईट वाटते. दुसऱ्या एका ठिकाणी ‘शूटिंगला बंदी आहे’ असे सांगून आम्हाला हटकले. पहारेकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला वरून स्पष्ट सूचना नसते, मग तो आपली नोकरी सांभाळतो.

म्हणून महापालिकेला विनंती आहे की घाट, रंकाळा, बागा आणि शहरातल्या इतर मोकळ्या जागी कागद-रंग घेऊन बसणाऱ्यास परवानगी लागणार नाही, एवढी एक लेखी सूचना काढावी आणि ती फाटकावरच्या फलकात घालावी. जाण्या-येण्याची वाट अडवू नये, इझल (चित्राचा स्टँड) उभे करायचे तर कडेला करावे, देवळाच्या दारात बसू नये, या अटी आम्हाला मान्य आहेत. रंगाचे पाणी नदीत किंवा तलावात ओतायचे नाही, बाटलीत भरून घरी न्यायचे, हा नियम आमच्या गटाने आधीपासूनच पाळला आहे. फलकात तोही असावा. जाता जाता आणखी एक मागणी: घाट परिसरात स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवे. सकाळी तीन तास बसायचे म्हटले की कित्येक जणी याच कारणाने यायचे टाळतात, आणि ही अडचण चित्र काढणाऱ्यांपुरती नक्कीच नाही.

शाळांनाही सांगणे आहे. चित्रकलेचा तास गणिताला किंवा जादा तासाला देऊन टाकण्यापेक्षा सत्रातून एकदा तरी मुलांना रंकाळ्यावर आणा. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले घोकून काढलेली एकसारखी झाडे आणि डोंगर काढतात, कारण झाडासमोर बसून झाड काढायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. आमच्यातले ज्येष्ठ विनामूल्य मार्गदर्शन करायला तयार आहेत.

येत्या रविवारी आम्ही सकाळी सातला संध्यामठाच्या बाजूला बसणार आहोत. यायचे असेल त्यांनी एक पेन्सिल, कोणताही कागद आणि टेकायला पुठ्ठा आणावा. रंग आमच्याकडे आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर